पोरांचा वर्ग, मोठ्यांचा योग

कानात हेडफोन घालून पाऊण तास बसायला ज्यांना वेळ नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचा हा लिखित अवतार. बोलताना जिथे जिथे भरकटलो होतो ते थोडं आवरलंय. सगळं नाही.

आखाड्यांवरचा मागचा भाग ऐकून एका ताईंनी प्रश्न पाठवला. त्यांनी मुलीला मे महिन्यात घराजवळच्या 'योग आणि छंदवर्ग' शिबिरात घातलंय. सकाळी सात ते साडेनऊ, पंधरा दिवस. आधी आसनं, मग श्लोक, गोष्ट, कागदकाम, खेळ आणि शेवटी खाऊ. शिबिराच्या पत्रकावर छापलंय, 'पाच हजार वर्षांची परंपरा'. ताईंचं म्हणणं एवढंच, की पाच हजार वर्षांपूर्वी खरंच मुलं अशी सतरंजीवर रांगेत उभी राहून बाईंच्या आकड्यांवर वाकायची का हो?

नाही वाकायची. एका शिक्षकाने पुष्कळ मुलांना रांगेत उभं करून, मोजून योग शिकवायचा, ही गोष्ट साधारण शंभर वर्षांची आहे. त्यातला बराच भाग आपल्याकडे, औंध, बडोदा, अमळनेर, लोणावळा या पट्ट्यात घडला आणि उरलेला म्हैसूरला. मला यावर अख्खा भाग करावासा वाटला त्याचं कारण वेगळंच आहे. मुलांचा योग म्हणजे मोठ्यांच्या योगाची सोपी आवृत्ती, असं आपण धरून चालतो. इतिहास वाचत गेलं की दिसतं ते बरंचसं उलटं आहे. लंडन-न्यूयॉर्कपासून कोथरूडपर्यंत मोठी माणसं पैसे मोजून ज्या वर्गांना जातात, त्या वर्गांचा साचा मुळात शाळकरी पोरांसाठी तयार झाला होता.

थोडं मागे जाऊ. पंधराव्या शतकातली स्वात्मारामांची 'हठप्रदीपिका' उघडा. योग्याने कुठे राहावं? एकांतात, छोट्याशा मठीत, जिचं दार लहान असावं आणि खिडकी नसावी. विद्या गुप्त ठेवावी. म्हणजे गुरू एक, शिष्य एक, आणि मध्ये कुणी नको. आसनं मोजकी, त्यातली बरीच बसून करायची. सूर्यनमस्कार त्यात नाहीतच. याच ग्रंथावर एकोणिसाव्या शतकात ब्रह्मानंदांनी 'ज्योत्स्ना' नावाची टीका लिहिली. तिच्यात सूर्यनमस्काराचा उल्लेख सापडतो, पण कशासाठी, तर शरीराला फार शिणवणाऱ्या अशा गोष्टी साधकाने टाळाव्यात म्हणून! नमस्कार होते ते दुसरीकडे, पूजेत, व्रतात आणि तालमीत. जोर काढणाऱ्या पैलवानाला ते जवळचे, ध्यानाला बसणाऱ्याला लांबचे.

मग इंग्रजी शाळा आली आणि तिच्याबरोबर एक नवीनच अडचण आली. एक मास्तर, समोर चाळीस पोरं, घंटा अर्ध्या तासाची. आमच्या धंद्यात याला स्केलिंगचा प्रश्न म्हणतात. एका माणसासाठी उत्तम चालणारी गोष्ट चाळीस जणांना दिली की ती तीच गोष्ट राहत नाही. शाळांनी यावर पलटणीतलं उत्तर उचललं, ते म्हणजे कवायत. रांग, अंतर, आज्ञा, आकडे. १९२० मध्ये हॅरी क्रो बक या अमेरिकन माणसाने मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं आणि शिट्टी गळ्यात अडकवलेले व्यायामशिक्षक तिथून बाहेर पडू लागले. आपली पोरं किरकोळ अंगाची, राज्य करणारे धिप्पाड, ही सल त्या काळात प्रत्येक शिकलेल्या घरात होती. त्यामुळे शाळेत व्यायाम हवा यावर सगळ्यांचं एकमत होतं. भांडण एवढंच, की व्यायाम कुणाचा?

इथे एंट्री होते भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधींची. औंधचे राजे. जन्म १८६८, गादीवर बसले १९०९ मध्ये. संस्थान छोटंसं आणि तेही तुकड्यातुकड्यांचं, एक तुकडा औंधला, एक आटपाडीकडे, एक कुंडलकडे. (लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा दिली ती याच राजाने. किर्लोस्करवाडी १९१० ची.) स्वतः चित्रकार. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला त्यांनी मोठा आधार दिला. १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने आपली सत्ता लोकांच्या हाती सोपवणारी राज्यघटना त्यांनी दिली. त्याच वर्षी स्वतंत्रपूरची खुली कैदी वसाहत सुरू झाली, तीच जिच्यावरून पुढे 'दो आंखें बारह हाथ' निघाला. एवढं सगळं करणारा माणूस रोज पहाटे नमस्कार घालायचा, आणि राणीसाहेबसुद्धा घालायच्या.

मजा अशी की पंतांची सुरुवात नमस्काराने झालेली नाही. १८९७ च्या सुमारास त्यांनी युजीन सँडो या युरोपातल्या प्रसिद्ध शरीरसौष्ठवपटूची पुस्तकं आणि साधनं मागवली आणि जवळपास दहा वर्षं निष्ठेने सँडोचा व्यायाम केला. मग मिरजेच्या संस्थानिकांच्या सांगण्यावरून ते नमस्काराकडे वळले. एकदा वळले ते वळलेच. ढोबळ हिशेब असा, की साधनं नकोत, पैसे नकोत, जागा सतरंजीएवढी, आणि बाया-पोरं-म्हातारे सगळ्यांना जमेल. त्यांनी नमस्काराला ठरावीक दहा आकड्यांत बसवलं, श्वास कुठे घ्यायचा कुठे सोडायचा ते ठरवलं, मंत्र जोडले, पुस्तक लिहिलं, व्याख्यानं दिली. आणि राजा असल्यामुळे आणखी एक गोष्ट केली जी तुम्हाआम्हाला करता येत नाही. संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सक्तीचे केले.

पाच-दहा मिनिटं थांबून या सक्तीकडे बघायला हवं. कल्पना करा, माणदेशातली एखादी एकशिक्षकी शाळा. मास्तर गणित शिकवतो, मोडी शिकवतो, टपालही वाचून दाखवत असेल. त्याला एक दिवस हुकूम येतो, उद्यापासून सगळ्यांकडून नमस्कार घालून घ्या. हा मास्तर योगी नाही. त्याने हिमालय सोडा, महाबळेश्वरही पाहिलं नसेल. त्याच्या हातात काय आहे? आकडे. एकला हात जोडा, दोनला खाली वाका, तीनला एक पाय मागे. आकडे पाठ झाले की कुठलाही मास्तर कुठल्याही पोरांकडून हे करून घेऊ शकतो. मला वाटतं, पंतांची खरी करामत आसनांत नव्हती, ती या आकड्यांत होती. योगाचा शिक्षक होण्यासाठी योगी असण्याची अट त्यांनी काढून टाकली. आज गल्लीगल्लीत शिबिर घेणाऱ्या ज्या बाई दिसतात, त्यांची खुर्ची, म्हणजे सतरंजी म्हणा, तिथे तयार झाली.

चांगलं झालं की वाईट? माझ्या मते दोन्ही, आणि दोन्ही एकाच आकड्यात गुंडाळलेलं. ते पुढे येईलच.

पंतांचं पुस्तक पुढे विलायतेलाही पोचलं. १९३६ मध्ये ते लंडनला गेले, तिथे लुईस मॉर्गन नावाच्या पत्रकार बाईंनी त्यांच्या व्यायामावर लिहिलं आणि १९३८ मध्ये तिथल्या प्रकाशकाने पुस्तक काढलं, 'द टेन-पॉइंट वे टू हेल्थ'. शीर्षकातले ते दहा म्हणजे आपले तेच दहा आकडे.

आता दुसरा माणूस. जगन्नाथ गणेश गुणे, जन्म १८८३, डभोईचा. बडोद्याला जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली तयार झाला. माणिकराव म्हणजे कवायतीच्या इंग्रजी आज्ञा काढून टाकून देशी आज्ञांवर शेकडो मुलांचा सांघिक व्यायाम उभा करणारे गृहस्थ. (बडोद्याच्या याच वातावरणातून आबासाहेब मुजुमदारांचा दहा खंडांचा मराठी 'व्यायाम ज्ञानकोश' निघाला. रद्दीत कुठे दिसला तर सोडू नका.) गुणे पुढे अमळनेरला खानदेश शिक्षण मंडळाच्या राष्ट्रीय महाविद्यालयात शिकवायला आले आणि तिथेच प्राचार्य झाले. दरम्यान नर्मदाकाठी मालसरला माधवदासजी महाराजांकडे त्यांनी योग शिकला. म्हणजे एका बाजूला माणिकरावांची सामूहिक कवायत आणि दुसऱ्या बाजूला एका म्हाताऱ्या वैष्णव साधूकडून मिळालेली एकांतातली विद्या. १९२३ मध्ये सरकारने महाविद्यालय बंद पाडलं. १९२४ मध्ये गुण्यांनी, म्हणजे स्वामी कुवलयानंदांनी, लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं.

कुवलयानंद म्हटलं की बहुतेकांना त्यांची प्रयोगशाळा आठवते. नौली करणाऱ्याच्या पोटाचा एक्स-रे, पोटातला दाब मोजायची यंत्रं, 'योगमीमांसा' नियतकालिक. त्यावर वेगळा भाग होईल. आपल्या आजच्या गोष्टीत महत्त्वाचं आहे ते त्यांचं एक छोटं पुस्तक, १९३६ चं, 'यौगिक संघ व्यायाम'. नाव नीट वाचा. यौगिक, आणि संघ. हठप्रदीपिकेतल्या त्या बिनखिडकीच्या मठीत 'संघ' मावलाच नसता. पण आता मागणी शाळांकडून होती. संयुक्त प्रांताच्या शिक्षण खात्याला शाळांसाठी योगाचा अभ्यासक्रम हवा होता. मग काय काय करावं लागतं? आसनाचे तुकडे पाडावे लागतात, प्रत्येक तुकड्याला आज्ञा द्यावी लागते, सगळी पोरं एकाच वेळी खाली जातील आणि एकाच वेळी वर येतील असं बघावं लागतं. मैदानात करता येईल तेच घ्यायचं. शेजारच्याला लाथ बसेल असं काही नको. जे एकेकट्याला हळूहळू, महिनोन्महिने उमजायचं, ते तासाच्या घंटेत बसवायचं. हे करणारा माणूस शास्त्रज्ञ होता आणि साधकही होता, तेव्हा यात काय सुटतंय हे त्याला कळत नव्हतं असं मी मानत नाही. तरीही त्याने ते केलं, कारण पर्याय होता तो म्हणजे पोरांपर्यंत योग अजिबातच न पोचणं. १९३८ मध्ये मुंबई सरकारने कांदिवलीला व्यायामशिक्षकांसाठी प्रशिक्षण संस्था काढली आणि आपले पी.टी.चे सर हा प्राणी रीतसर जन्माला आला.

म्हैसूरची गोष्ट जास्त सांगितली गेलीय, म्हणून आटोपती घेतो. १९३३ पासून जगनमोहन राजवाड्यात कृष्णराज वडियार यांच्या आश्रयाने टी. कृष्णमाचार्यांची योगशाळा चालायची. विद्यार्थी कोण? राजघराण्याशी नातं असलेली अरसू घराण्यांतली मुलं आणि इतर काही पोरं. मुलं म्हणजे रबर. त्यांना कंटाळा यायच्या आत पुढचं आसन द्यायचं, मध्ये उडी, मध्ये नमस्कारासारखी हालचाल, प्रत्येक श्वासाला आकडा. राजवाड्यात पाहुणे आले की प्रात्यक्षिकं. त्याच राजवाड्यात सूर्यनमस्काराचे वर्ग स्वतंत्र भरायचे. २०१० मध्ये 'योगा बॉडी' हे पुस्तक लिहिणाऱ्या मार्क सिंगल्टन यांचं म्हणणं असं, की आज जगभर 'विन्यास' म्हणून जे वाहतं, एकातून दुसऱ्यात घरंगळणारं आसनांचं सत्र चालतं, ते या पोरांच्या वर्गाच्या गरजेतून घडलं. परंपरेतल्या लोकांना हे मान्य नाही. ते 'योग कुरुंट' नावाच्या प्राचीन ग्रंथाकडे बोट दाखवतात, पण तो ग्रंथ आजवर कुणी समोर ठेवलेला नाही. मला विचाराल तर सिंगल्टन कवायतीच्या बाजूला जरा जास्तच झुकतात. पण वयाचा त्यांचा मुद्दा खोडणं कठीण आहे. दहा-पंधरा वर्षांच्या चपळ पोरांना झेपेल अशा बेताने बांधलेला क्रम आज आम्ही गुडघे कुरकुरणारी, दिवसभर खुर्चीत बसणारी माणसं करतो, आणि मग पाठ धरली म्हणून फिजिओकडे जातो.

कृष्णमाचार्यांच्या या वर्गातला एक पोरगा आपल्याकडे आला. बेळ्ळूरचा, फ्लू-मलेरिया-टायफॉइड-क्षय सगळ्यांतून कसाबसा वाचलेला, मॅट्रिकही न झालेला. १९३७ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याला सहा महिन्यांसाठी योगशिक्षक हवा होता. थोडंफार इंग्रजी येतं म्हणून गुरूंनी याला धाडलं. वय अठरा. मराठी शून्य. समोर कॉलेजातली मुलं, वयाने मोठी, अंगाने भरलेली, आणि हा हाडकुळा पोरगा शेंडी ठेवून त्यांना वाका म्हणतोय. टवाळी व्हायचीच. भाषा नाही म्हटल्यावर त्याच्याकडे दोन गोष्टी उरल्या, स्वतः करून दाखवणं आणि समोरच्याचं शरीर बघणं. कुणाचा खांदा वर चढलाय, कुणाचं वजन टाचेवर नाही. बी. के. एस. अय्यंगार पुढे ज्या बारकाव्यासाठी जगभर ओळखले गेले, ती नजर त्यांना पुण्यातल्या या टवाळखोर वर्गांनी दिली असावी असा माझा तर्क आहे. भिंत, पट्टा, लाकडी ठोकळा ही त्यांची पुढची साधनं त्याच नजरेतून आलेली. आकडा सगळ्यांना एक असतो, ठोकळ्याची उंची ज्याची त्याची वेगळी.

आता शिबिराकडे येऊ. 'शिबिर' हा शब्द मूळचा फौजेचा, सैन्याची छावणी. मुलांचं शिबिर ही कल्पना बेडन-पॉवेलने १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांना घेऊन जो तळ ठोकला तिथून जगभर पसरली. आपल्याकडे तिला उन्हाळ्याची सुट्टी मिळाली. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने व्यायामशिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग घेतले. का उन्हाळी? कारण मास्तरांना सुट्टी तेव्हाच. वर्षभर शाळेत शिकवायचं आणि मे महिन्यात घाम गाळत मल्लखांब, लाठी, लेझीम, आसनं शिकून जूनमध्ये गावाकडे परत. (याच मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली.) पुढे संघ आणि १९४१ पासून राष्ट्र सेवा दल, विचाराने दोन टोकांना असलेल्या दोन्ही संघटनांनी शिबिराचा हाच आराखडा वापरला. पहाटे व्यायाम, मग गाणी, मग बौद्धिक, मग खेळ. दोन्हीकडची मंडळी हे वाचून माझ्यावर चिडणार आहेत. चिडा.

पण शिबिराचा दुसरा अर्धा भाग, श्लोक झाल्यावर पोरं बाईंच्या जवळ सरकून बसतात तो गोष्टीचा भाग, तो कवायतीतून आलेला नाही. तो कुठून आला हे शोधताना मला अमळनेरच पुन्हा सापडलं. कुवलयानंद तिथून बाहेर पडले आणि साधारण वर्षभरात तिथल्याच प्रताप हायस्कूलमध्ये पांडुरंग सदाशिव साने नावाचे शिक्षक रुजू झाले. वसतिगृहाचं काम त्यांच्याकडे आलं. साने गुरुजींनी मुलांसाठी हाताने लिहून 'छात्रालय' दैनिक काढलं, मुलांच्या खोल्या झाडल्या, अंथरुणं आवरली, रात्री गोष्टी सांगितल्या. १९३० मध्ये सत्याग्रहात उडी घेण्यासाठी त्यांनी नोकरी सोडली, म्हणजे शाळेतली वर्षं जेमतेम सहा. ते गेल्यावर प्रकाशभाई मोहाडीकरांनी साने गुरुजी कथामाला उभी केली आणि गोष्ट सांगणारा शिक्षक हीसुद्धा एक शिकता येणारी भूमिका झाली. खानदेशातल्या एका गिरणगावातून, एका दशकात, एकाकडून आसन आणि दुसऱ्याकडून गोष्ट. दोघांची भेट झाल्याचं मी म्हणत नाही, पण तुमच्या मुलीच्या शिबिरात दोघं रोज सकाळी एकाच सतरंजीवर असतात.

माझी मावशी नाशिकला असं शिबिर घेते. बारा-तेरा वर्षं झाली. मानधन विचारू नका, त्यात तिचा पेट्रोलचा खर्च निघतो. या भागासाठी मी तिच्याशी फोनवर दोन तास बोललो. तिचं म्हणणं, सहा ते नऊ वयाच्या मुलांना आसन सांगायचंच नाही, प्राणी सांगायचा. बेडूक व्हा, मांजर व्हा, आता मांजरीला जाग आली. झाड व्हा म्हटलं तर एका पायावर उभी राहतात आणि पडली तरी हसतात, 'वृक्षासन करा' म्हटलं की पडायला लाजतात. शवासनात डोळे मिटा म्हटलं की निम्मी पोरं फटीतून बघतात, तेव्हा ती पोटावर कागदाची होडी ठेवते, तिच्या श्वासावर होडी हलली पाहिजे. एवढ्या मोठ्या विद्येचं हे काय केलंय, असं एखाद्या जाणकाराला वाटेल. मला हे कुवलयानंदांच्याच जातीचं काम वाटतं. समोर कोण बसलंय ते बघून विद्या पुन्हा मांडायची.

दोन वर्षांपूर्वी तिने एक शिबिर अर्ध्यात सोडलं. शाळा एक नामवंत, नाव राहू दे. समारोपाला पाहुणे येणार, तर मुलांनी एकत्र १०८ सूर्यनमस्कार घालावेत, व्हिडिओ काढायचाय, असं ठरलं. वय वर्षं सात ते अकरा, मे महिना, उघडं मैदान. मावशी म्हणाली, बारा घालू, तेही ज्याला जमेल त्याने. एका मुलाला दमा होता, एका मुलीच्या घरून मंत्र म्हणायला नको असं सांगितलं होतं. व्यवस्थापनाचं उत्तर असं, की त्या दोघांना त्या दिवशी येऊ नका म्हणून सांगा. मावशीने चटई गुंडाळली. तिचं मानधन अजून आलेलं नाही. 'आकडा पोरांसाठी असतो रे,' ती म्हणाली, 'पाहुण्यांसाठी नसतो.'

आता कळेल मी मघाशी औंधच्या सक्तीपाशी का रेंगाळलो. आकड्यामुळे खेड्यातल्या मास्तरालाही योग शिकवता आला, हे पंतांचं देणं. त्याच आकड्यामुळे आता पोर न बघताही योग शिकवता येतो. आणि सक्तीचा मामला तर कोर्टात जाऊन आलाय. २००७ मध्ये मध्य प्रदेश सरकारने राज्यभरच्या शाळांत एकाच दिवशी सामूहिक सूर्यनमस्कार ठेवले, मुस्लिम आणि ख्रिश्चन संघटनांनी हरकत घेतली आणि उच्च न्यायालयाने सांगितलं, कार्यक्रम करा, सक्ती करू नका.

परदेशातली गंमत याच्या बरोबर उलटी. कृष्णमाचार्यांचे दुसरे शिष्य पट्टाभी जोईस १९७५ मध्ये पहिल्यांदा अमेरिकेत गेले ते कॅलिफोर्नियातल्या एन्सिनिटास या गावी. चाळीस वर्षं पुरी व्हायच्या आतच त्याच गावातल्या सरकारी प्राथमिक शाळांत जोईस यांच्या नावाच्या प्रतिष्ठानच्या पैशाने योगाचे तास सुरू झाले, आठवड्याला दोनदा, अर्धा-अर्धा तास. काही पालक कोर्टात गेले, की हा धर्म आहे, सरकारी शाळेत नको. शिक्षकांनी संस्कृत नावं आधीच काढून टाकली होती. पद्मासनाला तिथल्या बालवाडीत मांडी घालून बसण्याला जो गमतीदार शब्द आहे तोच दिला होता. २०१३ मध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला, की योगाची मुळं धार्मिक असली तरी या वर्गात मुलाला धर्म दिसत नाही. २०१५ मध्ये अपिलातही तेच टिकलं. अलाबामा राज्यात तर १९९३ पासून सरकारी शाळांत योगाला बंदीच होती. २०२१ मध्ये ती उठली, पण अटी घालून. आसनांची नावं फक्त इंग्रजीत, मंत्र नाही, आणि 'नमस्ते' म्हणायचं नाही. मावशीला हे सांगितलं तर ती म्हणाली, मी पण बेडूकच म्हणते की! फरक एवढाच, की तिच्याकडे बेडकाचं नाव कायद्याने ठरलेलं नाही.

एक गोष्ट राहिली. १९५० मध्ये म्हैसूरची योगशाळा बंद झाली. संस्थान विलीन झालं होतं, नव्या सरकारला तिच्यात रस नव्हता. कृष्णमाचार्य तेव्हा साठी ओलांडलेले. ते मद्रासला गेले. तिथे राजवाडा नव्हता, रांगेत उभी करायला पोरं नव्हती, पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिकंही नव्हती. यायचे ते आजारी लोक, म्हातारे, अर्धांगवायू झालेले, एकेकटे. त्यांनी शिकवायची पद्धत बदलली. समोरचा माणूस बघायचा, त्याचं वय, दुखणं, घरची कामं, श्वास किती लांब जातो ते, आणि त्या एकट्यासाठी पाच-सहा हालचालींचा क्रम बांधायचा. मुलगा देसिकाचार यांनी पुढे हेच काम चालवलं. १९८९ मध्ये, शंभरी गाठून कृष्णमाचार्य गेले, तोवर त्यांनी म्हैसूरच्या पोरांसाठी लावलेला क्रम अमेरिकेतल्या जिममध्ये पोचला होता, आणि ते स्वतः मद्रासच्या एका खोलीत एका वेळी एकालाच शिकवत होते.

पुढच्या भागात कुवलयानंदांची प्रयोगशाळा आणि ते एक्स-रे. माणिकरावांच्या व्यायामशाळेचे जुने फोटो कुणाच्या घरी असतील तर पाठवा, बडोदेकरांनो.